उसना डोंगर

बीजिंगच्या समर पॅलेसमध्ये, म्हणजे यीहेयुआन बागेत, तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेला पाहा. समोर पाणी, मग विलोची रांग (आपल्या वाळुंजाचेच भाऊबंद), त्यामागे टेकडीवर पॅगोडा आणि शेवटी निळसर डोंगर. सगळं बागेतलंच वाटतं. खरं तर पॅगोडा बागेच्या हद्दीबाहेर युचुआन टेकडीवर आहे आणि डोंगर तर त्याहूनही लांब.

चिनी उद्यानकलेत याला ‘जिएजिंग’ म्हणतात, म्हणजे उसनं आणलेलं दृश्य. युक्ती साधी आहे: जिथे हद्द दिसेल तिथेच नजर अडवायची. तळ्यातून गेलेला पश्चिम बांध नेमकं हेच करतो. त्याच्या झाडीआड पलीकडचा काठ लपतो. मधली जमीनच दिसेनाशी झाली की अंतर जोखायला डोळ्यांना खूण उरत नाही, आणि दूरची टेकडी बांधाला येऊन चिकटते. हा बांध हांगचौच्या सुप्रसिद्ध तळ्यातल्या बांधावरून बेतलेला आहे, अगदी सहा पुलांसकट.

सम्राट छिएनलोंगने 1750 मध्ये बाग उभारायला घेतली ती आईच्या साठीनिमित्त. पण कुनमिंग तळं नुसतं शोभेचं नव्हतं. जुना तलाव खोल आणि रुंद केला, तो शहराच्या नि शेतीच्या पाण्यासाठीही. उपसलेली माती शेजारच्या वानशोऊ टेकडीवर चढवून तिला हवा तसा आकार दिला. आज सुमारे 290 हेक्टरच्या बागेत तीन-चतुर्थांश पाणीच आहे.

1860 मध्ये ब्रिटिश-फ्रेंच सैन्याने बाग जाळली. लाकडी इमारती गेल्या, दगड उरला. काठावरच्या संगमरवरी नावेचंही तेच झालं. राजमाता त्सशीने ती पुन्हा बांधली तेव्हा वरचा डोलारा लाकडाचाच ठेवला, फक्त संगमरवरासारखा रंगवून. या डागडुजीत आरमाराचा पैसा खर्ची पडला. त्यातून उभी राहिलेली ही नाव मात्र जागची हलणारी नव्हती!

मला सर्वांत आवडतो तो 150 मीटर लांबीचा सतरा कमानींचा पूल. तो साधारण पूर्व-पश्चिम पसरला आहे. डिसेंबरअखेरीस बीजिंगमध्ये सूर्य भर दुपारीही क्षितिजावर जेमतेम 27 अंश चढतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. तेव्हाचं तिरपं ऊन थेट कमानींच्या पोटात शिरतं, आणि एरवी सावलीत असलेला दगड काही मिनिटं सोन्यासारखा पेटतो.