ओवीतील सीता आणि वाचकाचे मन

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पहाटे दळण दळताना स्त्रियांनी रचलेल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सीता वारंवार भेटते. या सीतेला सासुरवास आहे, कैकेयी ही तिला छळणारी सासू आहे आणि वनवास हे त्या छळाचेच टोक आहे. वाल्मीकींच्या कथेत कैकेयी रामासाठी वनवास मागते आणि सीता स्वतःच्या आग्रहाने त्याच्याबरोबर निघते. ओवीत मात्र सारा भर सून आणि सासू या नात्यावर येतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जमवलेला 1 लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेमार्फत वाचता-ऐकता येतो. त्यातून फिरताना जाणवते, की या बायकांनी रामायण नुसते ऐकले नव्हते, तर ते आपल्या घरात आणून उभे केले होते. ऐकलेली गोष्ट आपल्या आयुष्याला जोडण्याची ही क्रिया नेमकी कशी घडते, हा मानसशास्त्रातील एक गंभीर प्रश्न आहे आणि गेल्या शतकभरात त्यावर बरेच काम झाले आहे.

त्याचा एक महत्त्वाचा आरंभ केंब्रिजमध्ये झाला. फ्रेडरिक बार्टलेट यांनी इंग्लंडमधील वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही वेळाने, पुढे काही दिवसांनी वा महिन्यांनी, ती आठवून लिहायला सांगितली. 1932 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकवले जातात. वाचकांच्या आठवणीत झाडाच्या खोडाची डोंगी साधी होडी बनली होती, सीलची शिकार मासेमारी झाली होती, आणि कथेतील भुतांचा जो भाग इंग्रज मनाला उलगडत नव्हता तो गळून गेला होता किंवा त्याला ओळखीचे काही कारण जोडले गेले होते. आधीच्या अनुभवांतून मनात जे आराखडे तयार झालेले असतात, त्यांना बार्टलेट यांनी 'स्कीमा' म्हटले. नवी गोष्ट या आराखड्यांच्या आधारानेच समजते आणि आठवताना त्यांच्याच आधाराने पुन्हा रचली जाते. जात्यावर बसलेल्या स्त्रीने कैकेयीला सासू म्हणून ओळखले, तेव्हा तिच्या मनाने केलेले काम केंब्रिजच्या त्या वाचकांच्या मनाने केलेल्या कामाहून मुळात वेगळे नव्हते. फरक इतकाच, की तिने त्यातून काव्य घडवले.

मनातील या सर्व आराखड्यांत सर्वांत दाट आणि सर्वाधिक वापरला जाणारा आराखडा असतो तो 'मी'चा. 1977 मध्ये रॉजर्स, कायपर आणि कर्कर या तीन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना एकेक विशेषण दाखवायचे आणि त्याबद्दल चारपैकी एक प्रश्न विचारायचा : हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला आहे का, तो अमुक शब्दाशी यमक साधतो का, त्याचा अर्थ अमुक शब्दासारखाच आहे का, किंवा हा शब्द तुम्हाला लागू पडतो का. नंतर पूर्वसूचना न देता शब्द आठवायला सांगितले, तेव्हा चौथ्या प्रश्नाखालचे शब्द सर्वांत जास्त आठवले. अर्थाचा विचार केलेला शब्द लक्षात राहतो हे आधीच ठाऊक होते. पण स्वतःशी ताडून पाहिलेला शब्द त्याहूनही पक्का बसतो, हे येथे दिसले. पुढच्या अनेक अभ्यासांनी या निष्कर्षाला दुजोरा दिला. त्याचे कारण गूढ नाही. स्वतःबद्दलचे ज्ञान हे आपल्याजवळचे सर्वांत विस्तृत आणि सर्वांत सुसंघटित ज्ञान असल्यामुळे, त्याला जोडलेल्या माहितीकडे परत जाण्याच्या वाटा अनेक होतात.

ही प्रक्रिया मेंदूत कोठे चालते, याचाही काहीसा अंदाज आता आला आहे. 2002 मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथील संशोधकांनी मेंदूचे चित्रण करणाऱ्या एफएमआरआय तंत्राने असे दाखवले, की एखादे विशेषण आपल्याला लागू पडते का हे ठरवताना, कपाळामागच्या भागातील मध्यरेषेजवळचा मेंदूचा पट्टा, तेच विशेषण अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांना लागू पडते का हे ठरवतानापेक्षा वेगळा प्रतिसाद देतो. 2009 मध्ये निकोल स्पीअर, जेफ्री झॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कथा वाचणाऱ्यांच्या मेंदूचे असेच चित्रण केले. कथेतील पात्र एखादी वस्तू हाताळते तेव्हा वाचकाच्या मेंदूत हाताच्या हालचालींशी निगडित भागांत बदल होतो, असे त्यांना आढळले. एफएमआरआय हे मेंदूतील रक्तप्रवाहावरून केलेले अप्रत्यक्ष मापन असते, तो विचारांचा फोटो नसतो. तरीही इतके म्हणता येते, की वाचन समजून घेताना मेंदू प्रत्यक्ष जगण्यासाठी वापरली जाणारी यंत्रणाच वापरतो आणि ती यंत्रणा प्रत्येकाच्या स्वतःच्या अनुभवांनी घडलेली असते.

या विषयावरचा माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर प्रयोग मात्र यंत्राविना झाला. डेन्मार्कमधील सेलमन आणि लार्सन यांनी 1980च्या दशकात वाचकांना एक ललित कथा आणि एक माहितीपर मजकूर वाचायला दिला. वाचताना स्वतःच्या आयुष्यातील काही आठवले, की समासात एक खूण करून पुढे जायचे, एवढीच सूचना होती. वाचन संपल्यावर संशोधक प्रत्येक खुणेपाशी थांबून विचारत, येथे काय आठवले? दोन्ही मजकुरांनी आठवणी जाग्या केल्या होत्या, पण त्यांची जात वेगळी होती. माहितीपर मजकुराने प्रामुख्याने कोठेतरी वाचलेले, कोणाकडून ऐकलेले असे काही आठवले. ललित कथेने मात्र ज्यांत वाचक स्वतः कर्ता होता असे प्रसंग अधिक वर आणले. शिवाय या खुणा कथेच्या आरंभीच्या भागात अधिक दाट होत्या. ही दुसरी गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पात्रे अनोळखी असतात, घर अनोळखी असते, तेव्हा वाचक आपल्या आठवणींतून सामान काढून ते जग उभारतो. एकदा ते उभे राहिले, की कथा आपल्या बळावर चालू लागते आणि आठवणींची गरज कमी होते. म्हणजे स्वतःच्या आयुष्याशी जोड ही वाचनाच्या शेवटी येणारी भावुक प्रतिक्रिया नसून, बऱ्याच अंशी ती वाचनाच्या सुरुवातीचीच अट आहे.

कॅनडातील डॉन क्विकेन आणि डेव्हिड मायल यांनी 2004 मध्ये या जोडणीचे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात वाचक 'माझेही असेच झाले होते' असे म्हणतो. तेथे दोन आयुष्ये शेजारी ठेवून ताडलेली असतात. दुसऱ्यात 'मी' आणि कथेतील 'ती' यांच्यातली सीमाच पुसट होते आणि वाचकाला स्वतःबद्दल असे काही जाणवते, जे आधी जाणवले नव्हते. पहिला प्रकार सहज घडतो; दुसरा विरळा असतो, आणि त्याला पुष्कळदा भाषेची ताकद लागते.

लोकप्रिय संस्कृतीत, विशेषतः गाण्यांत, ही जोडणी आणखी थेट होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावले, तर साधारण 10 ते 30 या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. पहिले अनुभव बहुतेक याच वयातले असतात आणि 'मी कोण' याची घडणही याच काळात होते, ही त्याची दोन मान्य स्पष्टीकरणे आहेत. कॅलिफोर्नियातील पेत्र यानाता यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या शालेय वयातील लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले, तेव्हा सरासरी सुमारे 30 टक्के गाण्यांनी एखादी खासगी आठवण जागी केली. आणि त्या वेळी मेंदूतील वर सांगितलेल्या मध्यरेषेजवळच्या भागाचाच वरचा पट्टा कार्यरत दिसला. 2013 मध्ये कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांना आणखी एक गोष्ट आढळली. विशीतील तरुणांना स्वतःच्या वयाच्या गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तारुण्यातील गाणीही विशेष जवळची वाटत होती. सकाळी शाळेची तयारी करताना रेडिओवरची भावगीते ज्यांच्या कानांवर पडली, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ती गाणी त्यांच्या पिढीची नसतात, पण ती त्यांच्या स्वयंपाकघराची असतात.

पडद्यावरच्या माणसांशी जडणाऱ्या एकतर्फी नात्याचे वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 मध्येच केले होते. रोज ठरावीक वेळी घरात येणारा चेहरा मनाला परिचिताचा वाटतो, म्हणून मालिका संपल्यावर किंवा आवडता नट गेल्यावर होणारे दुःख खरे असते. त्याला वेडेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण या जोडणीला मर्यादाही आहे, आणि ती सर्वांत नेमकेपणाने सांगणारा विचार मला प्रयोगशाळेत नव्हे, तर दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मीरमध्ये सापडतो. भरताच्या नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होऊन जाणे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्याला रंगमंचावरचा शोक करुणरस देत नाही. तो फक्त त्याचे दुःख परत आणतो. यावरचा उपाय भट्टनायकांनी मांडलेल्या आणि अभिनवगुप्तांनी पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धांतात आहे : शोक रामाचाही राहत नाही आणि माझाही राहत नाही, तो माणसाचा शोक होतो. मात्र हे घडायला प्रेक्षकाच्या मनात त्या भावाचे पूर्वसंस्कार असावेच लागतात, हेही अभिनवगुप्तांनी आग्रहाने म्हटले आहे. खुणा आरंभी दाट आणि पुढे विरळ होतात, या डेन्मार्कच्या निरीक्षणाजवळ हा विचार किती सहज जाऊन बसतो! हजार वर्षांपूर्वीच्या सिद्धांताला एका प्रयोगाने सिद्ध केले असा दावा मी करणार नाही. पण दोघेही एकाच घटनेकडे पाहत आहेत, असे मला निश्चित वाटते.

साहित्यवाचनाचे फायदे सांगताना सावध राहणे आवश्यक आहे. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने असे म्हटले, की दर्जेदार ललित साहित्याचा छोटासा भाग वाचल्यावरही दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता लगेच वाढते. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. पुढे स्वतंत्र संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. 2018 मध्ये 14 अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा परिणाम आढळला, पण तो लहान होता. मन घडायला वर्षे लागतात, हे पाहता यात निराश होण्यासारखे मला काही दिसत नाही.

आपल्याकडे दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' मागणारे प्रश्न असतात. हा प्रश्नप्रकार मला मोलाचा वाटतो, कारण धडा स्वतःच्या जगण्याशी ताडून पाहण्याची ती एक हक्काची जागा आहे, आणि म्हणूनच त्यांची तयार उत्तरे पाठ होतात तेव्हा वाईट वाटते. सेलमन आणि लार्सन यांच्या पद्धतीला कागद आणि पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. एखाद्या शिक्षकाने वर्गात एक कथा आणि एक माहितीपर उतारा देऊन मुलांना समासात खुणा करायला सांगावे, आठवण काय होती हे विचारू नये, केवळ ती स्वतः केलेल्या गोष्टीची होती की ऐकलेल्या, एवढेच नोंदवून घ्यावे. शहरातील, वाडीवरची आणि ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडणारी मुले एकाच कथेत कोठे कोठे थांबतात, याची अशी नोंद मराठीत झाली, तर पाठ्यपुस्तकासाठी कथा निवडणाऱ्यांनाही तिचा उपयोग होईल.