वेब होस्टिंग : एसएसडी व कॅशिंग

संकेतस्थळाची पाने लवकर उघडावीत म्हणून सर्व्हरमध्ये फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (हलते भाग नसलेला, चिपवर साठवणारा ड्राइव्ह) बसवतात आणि एकदा तयार झालेले उत्तर पुढच्या मागणीसाठी जपून ठेवतात. या दुसऱ्या उपायाला कॅशिंग व त्या साठ्याला कॅश म्हणतात. हे उपाय एकमेकांना पर्याय नाहीत. उत्तर कॅशमध्ये सापडले तर डिस्कपर्यंत जावेच लागत नाही. सापडले नाही किंवा नोंद लिहायची असली, की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो.

उगम : पहिला एसएसडी कोणता, याबद्दल एकमत नाही. काहीजण डेटारॅमच्या १९७६ मधील ‘बल्क कोर’ला तो मान देतात, काही स्टोरेजटेकच्या १९७८-७९ च्या सुमारास आलेल्या ४३०५ या उपकरणाला. दोन्हींत फ्लॅश मेमरी (वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिप) नव्हती. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश १९८४ मध्ये व तिचा नँड प्रकार १९८७ मध्ये मांडला, आणि सनडिस्कचा २० मेगाबाइटचा फ्लॅश ड्राइव्ह १९९१ मध्ये आला. आजच्या एसएसडीची वंशावळ येथून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. होस्टिंगमध्ये तो सर्रास दिसू लागला साधारण २०१० नंतर. कॅशची कल्पना मॉरिस विल्क्स यांच्या १९६५ मधील लेखात स्पष्ट दिसते. वेबसाठीची कॅशिंग सॉफ्टवेअर मेमकॅश्ड २००३, व्हार्निश २००६ व रेडिस २००९ मधील.

डिस्कचे गणित : मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यासाठी (हवी ती जागा सरासरी तेवढी फिरून येते) ४.१७ मिलिसेकंद लागतात. वाचणारे हेड योग्य जागी हलण्याचे ८-९ मिलिसेकंद धरले तर विखुरलेली वाचने सेकंदाला जेमतेम ८० होतात. एसएसडीला एका वाचनास सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. जाहिरातीत सेकंदाला किती मेगाबाइट हा आकडा ठळक असतो, पण डेटाबेसची वाचने लहान व विखुरलेली असल्याने तो फारसा कामाचा नाही. एकाच वेळी स्वीकारता येणाऱ्या आदेशांच्या रांगा महत्त्वाच्या. साटा या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हला ३२ आदेशांची एकच रांग मिळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई या एसएसडी-जोडणीच्या मानकात ६५,५३५ पर्यंत रांगा ठेवता येतात.

लिहिताना अडचण वेगळी. फ्लॅशमध्ये लेखन पानापानाने (पान म्हणजे येथे मेमरीचा लहान तुकडा) होते, पुसणे मात्र शेकडो पानांच्या ब्लॉकने. ड्राइव्ह भरत आला की वापरातील पाने आधी दुसरीकडे हलवावी लागतात आणि वेग कोसळतो. म्हणून १०-२० टक्के जागा मोकळी ठेवावी व एफएसट्रिम (न लागणारी पाने ड्राइव्हला कळवणारी लिनक्स आज्ञा) आठवड्यातून एकदा चालवावे. मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवण इंजिन मूळ सेटिंगमध्ये (innodb_flush_log_at_trx_commit = १) प्रत्येक व्यवहारानंतर बदलांचा लॉग डिस्कवर पक्का करते. वीज गेल्यास बफर वाचवणारे कपॅसिटर नसलेला घरगुती एसएसडी येथेच अडखळतो. हे सेटिंग १ वरून २ केल्यास वेग वाढतो, पण वीज गेली तर साधारण शेवटच्या सेकंदातले व्यवहार बुडू शकतात.

कॅशचे थर : ब्राउझर, सीडीएन (जवळच्या ठिकाणाहून प्रती देणारे सर्व्हरांचे जाळे), पूर्ण पानाचा कॅश, ऑब्जेक्ट कॅश (डेटाबेसच्या उत्तरांचा), पीएचपी या वेब-भाषेचा ऑपकॅश (तयार केलेल्या कोडचा) आणि डेटाबेसचा बफर पूल (मेमरीत ठेवलेला डेटा) असा सर्वसाधारण क्रम असतो. इनोडीबीचा बफर पूल मूळचा १२८ मेगाबाइट असतो. केवळ डेटाबेससाठी असलेल्या सर्व्हरवर तो मेमरीच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत नेतात. त्याच यंत्रावर पीएचपीही चालत असेल तर एवढा मोठा पूल स्वॅपिंगला (मेमरी अपुरी पडून डिस्क वापरण्याला) आमंत्रण देतो. ऑपकॅशची फाइल-तारीख तपासणी बंद केली असेल, तर नवा कोड चढवल्यावर कॅश रिकामा करावाच लागतो. नाहीतर जुनाच कोड चालत राहतो.

सर्वांत घातक चूक पूर्ण पानाच्या कॅशमध्ये होते. एनजिनएक्स हे वेब-सर्व्हर सॉफ्टवेअर सेट-कुकी हे हेडर (ब्राउझरला ओळख-खूण देणारी सूचना) असलेले उत्तर आपणहून साठवत नाही. हिट (कॅशमधून दिलेली उत्तरे) वाढवण्याच्या नादात ते हेडर दुर्लक्षित करायला लावले, की एकाची खरेदीची टोपली दुसऱ्याला दिसते. लॉगिन-कुकी असलेली मागणी कॅश टाळून थेट ॲप्लिकेशनकडे पाठवावी. पत्त्यातील प्रचार-मोहिमांचे पॅरामीटर कॅश-कीमधून (साठवलेली प्रत ओळखण्याच्या खुणेतून) वगळावेत, अन्यथा एकाच पानाच्या शेकडो प्रती साठतात. लोकप्रिय पानाची मुदत संपताच सगळ्या मागण्या एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. एनजिनएक्समध्ये यासाठी प्रॉक्सी कॅश लॉक (एकच मागणी पुढे जाऊ देऊन बाकीच्यांना थांबवणारी सोय) आहे, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. हिटचे प्रमाण ९० वरून ९५ टक्के झाले, तर कॅशमागील सर्व्हरवरचा भार निम्मा होतो.

टिकाऊपणा : एसएसडी किती टिकेल हे रोज पूर्ण ड्राइव्ह किती वेळा लिहिता येईल यात मोजतात. १ टेराबाइटच्या ड्राइव्हला ०.३ हे मूल्य असेल, तर हमीच्या काळात रोज ३०० गिगाबाइट लेखन चालते.