घातांकांची बेरीज कधी आणि गुणाकार कधी? ६४ घेऊन बघूया

६४^(१/२) × ६४^(१/३) आणि (६४^(१/२))^(१/३), (^ च्या पुढचा आकडा म्हणजे घातांक) दिसायला सख्खे भाऊ, पण पहिल्याचं उत्तर ३२ आणि दुसऱ्याचं २. आमच्या बेळगाव-खानापूरकडं पोरं मराठी मीडियममधनं घातांकाचे नियम पाठ करून येतात, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं इंग्लिशमध्ये, पाया (ज्या संख्येवर घातांक बसतो ती) म्हणजेच बेस हे डोक्यात बसेपर्यंत टेस्ट येते आणि त्यात घातांक अपूर्णांक असला की बेरीज करायची का गुणाकार, घोळ ठरलेला.

नियम बाजूला ठेवा जरा. ६४ म्हणजे काय, तर सहा वेळा २ घेऊन केलेला गुणाकार. घातांक १/२ म्हणजे वर्गमूळ, म्हणजे त्या सहातले निम्मे, तीन दोन, २×२×२ = ८. घातांक १/३ म्हणजे घनमूळ, सहाचा तिसरा हिस्सा, दोन दोन, म्हणजे ४. आता ८ × ४ केलं की तीन आणि दोन असे पाच दोन एकत्र आले, ३२ झाले. सहापैकी पाच, म्हणून घातांक ५/६, आणि १/२ + १/३ पण ५/६च येतात की! काही जण वर वर आणि खाली खाली मिळवून २/५ लिहितात, त्याचं उत्तर सव्वापाचच्या आसपास येतं, ३२ कुठं आणि सव्वापाच कुठं, एवढं तरी बघायचं ना.

दुसऱ्यात मात्र गुणायला दुसरं कोणी नाहीच. ६४ चं वर्गमूळ काढलं, तीन दोन हातात आले, आणि त्या तिनाचाच तिसरा हिस्सा घेतला, उरला एक दोन. सहापैकी एक, १/६, म्हणजे १/२ × १/३. येळ्ळूरच्या शिवारात अर्धा एकर भाताचं रान तीन भावांत वाटलं तर एकेकाला एकराचा सहावा हिस्साच येणार, पण अर्धा एकर इथं आणि तिसरा हिस्सा एकर दुसऱ्या गावात असला तर ते मिळवायचं, एवढाच फरक.

बेरजेला पाया एकच पाहिजे हे मात्र सोडू नका. २^(१/२) × ८^(१/२) मध्ये घातांक सारखा आहे, पाया नाही, तिथं पायांचा गुणाकार होतो, १६^(१/२) = ४, घातांक आहे तसाच राहतो. आणि ९^(१/४) × ३^(१/२) असं आलं की घाबरायचं नाही, ९ म्हणजे ३^२, म्हणून ९^(१/४) = ३^(१/२), दोन्ही गुणले की सरळ ३. पेपर काढणाऱ्याला असली गणितं फार आवडतात. २^(१/२) × ३^(१/३) मध्ये पाया पण वेगळा, घातांक पण वेगळा, मग छेद सारखा करा, २^(३/६) × ३^(२/६), म्हणजे ८^(१/६) × ९^(१/६), उत्तर ७२^(१/६).

हे सगळं पाया धन असताना बरं का. ((−४)^२)^(१/२) मध्ये डोळे झाकून घातांक गुणले तर −४ येतं, पण आतलं आधी सोडवलं तर १६ चं वर्गमूळ, म्हणजे ४, आणि तेच बरोबर.