डिझ्नी युद्धचिन्हे

दुसऱ्या महायुद्धात वॉल्ट डिझ्नी स्टुडिओच्या चित्रकारांनी अमेरिकी व मित्रराष्ट्रांच्या लष्करी तुकड्यांसाठी रेखाटलेली बोधचिन्हे. त्यांची संख्या सुमारे १,२०० आहे. तुकडीने पत्राने मागणी करायची आणि स्टुडिओने रंगीत चित्र विनामूल्य पाठवायचे, अशी रीत होती. हँक पोर्टर हा या कामाचा प्रमुख चित्रकार. सर्वाधिक मागणी चिडक्या डोनाल्ड डकला. तो दोनशेहून अधिक चिन्हांत आहे. सोज्वळ मिकी माउस लढाऊ तुकड्यांत क्वचितच दिसतो.

चीनच्या बाजूने लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकी वैमानिकदलाचे चिन्ह पोर्टर व रॉय विल्यम्स यांचे : इवलेसे पंख असलेला वाघ ‘व्ही’ अक्षरातून झेपावतो आहे. त्याच विमानांच्या नाकावर रंगवलेला शार्कचा जबडा मात्र डिझ्नीचा नव्हे. जुन्या युद्धवस्तूंचे विक्रेते सर्रास ही गल्लत करतात.

स्टुडिओ फक्त चित्र देई. पॅच, म्हणजे कपड्यावर लावायची कापडी किंवा कातडी चिन्हे, तुकडी जिथे असेल तिथे शिवून घेतले जात. अमेरिकेत फेल्टवर (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडावर) किंवा सुती कापडावर यंत्राचे भरतकाम होई, वैमानिकांच्या जॅकेटसाठी कातड्यावर रंगकाम होई. चीन–ब्रह्मदेश–भारत आघाडीवरचे पॅच भारतीय कारागिरांनी जरीत भरले किंवा रंगीत कातड्याचे तुकडे जोडून शिवले. म्हणून एकाच चिन्हाची अनेक अस्सल रूपे मिळतात. वाघाचा चेहरा मूळ चित्राशी जुळत नाही एवढ्यावरून पॅच नकली ठरवणे चूक आहे.

पॅच अस्सल आहे का याची परीक्षा उलट्या बाजूपासून सुरू करावी. अमेरिकी यंत्रभरतकामात मागे बहुधा पांढऱ्या दोऱ्याचे दाट जाळे दिसते. प्लॅस्टिकचा थर किंवा गोफासारखी जाड ओव्हरलॉक कड असेल तर पॅच जवळजवळ नक्कीच युद्धोत्तर. मग अंधारात अतिनील दिवा धरावा : निळसर-पांढरा चमकणारा दोरा संशयास्पद. पण नव्या साबणाने धुतलेला अस्सल पॅचही चमकतो आणि काही नवे दोरे चमकतच नाहीत, त्यामुळे ही चाचणी एकटी पुरेशी नाही. मागचा सुटा धागा २–३ मिलिमीटर जाळून पाहता येतो; सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी बनतो, म्हणजे पॅच युद्धोत्तर.

तुकडी ओळखणे खरे कठीण, कारण बहुतेक चिन्हांवर क्रमांक नसतो आणि युद्धात तुकड्यांची नावे व क्रमांक बदलत गेले. अमेरिकेत १९४२ मध्ये निघालेली चिन्हांची तिकिटे (टपालाची नव्हेत, संग्रहासाठीची) व त्यांचे अल्बम पहिल्या ओळखीला उपयोगी पडतात. हवाईदलाच्या तुकड्यांसाठी अलाबामातील मॅक्सवेल तळावरील इतिहास-संशोधन संस्थेची कागदपत्रे पाहावीत. पॅचसोबत सैनिकाची सेवापत्रे किंवा जॅकेट घातलेला फोटो मिळाला तर तो कधीही वेगळा करू नये. पुराव्याचे निम्मे बळ त्यातच असते.

पॅच आम्लमुक्त कागदात, सपाट ठेवावा. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात रंग चिकट होतो. फेल्टला कसर लागते. रंगवलेल्या कातड्याला तेल किंवा पॉलिश लावू नये; रंगाचे पापुद्रे सुटतात. जरीची तार काळवंडली तरी घासू नये, वरचा मुलामा निघून जातो.