मुंग्या गेल्या, चौकोन आले

दसऱ्याच्या आधी मेहुण्यासोबत लातूरला टीव्ही बघायला गेलो होतो. दुकानदाराने दोन संच शेजारी लावून दाखवले. दोन्ही 43 इंची, एक फुल एचडी, दुसरा फोर-के, म्हणजे आडवे-उभे दोन्हीकडे दुप्पट ठिपके असलेला. दोन्हींवर एकच मोर पिसारा फुलवत होता. हातभर अंतरावरून पाहिलं तर फोर-केच्या मोराचं पीस न् पीस सुटं दिसत होतं. मेहुणा म्हणाला, “दाजी, फरक तर हाय. पण घरी गेल्यावर ऱ्हाईल का?”

त्याच्या घरी येऊन टेप लावली. दिवाणाच्या कडेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत दहा फूट दोन इंच भरले. त्या दहा फुटांचा हिशेब पुढे येईलच. त्याआधी चित्राची ही चढण कुठून सुरू झाली ते पाहू, कारण दर पायरीला विकणाऱ्याने एक सांगितलंय आणि घेणाऱ्याने दुसरंच घेतलंय.

मराठवाड्यात टीव्ही आला तो ‘दिसतो का’ या प्रश्नासोबत. ‘कसा दिसतो’ हे फार पुढचं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण त्या लहरी आमच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. 1975-76 मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. सीमेपलीकडे गुलबर्ग्याच्या खेड्यांत लोक चावडीसमोर बसून टीव्ही बघत होते, अलीकडे उमरग्यात नाही. 1982 मध्ये रंग आला, आशियाई खेळ आले. मग 1984 मध्ये काही महिने देशात दिवसाला सरासरी एक या वेगाने कमी शक्तीचे प्रक्षेपक उभे राहिले. त्यांचा पल्ला वीसेक किलोमीटरचा. बाकीच्यांचा भरवसा म्हैसमाळच्या डोंगरावरच्या आणि अंबाजोगाईच्या मनोऱ्यावर.

आमचं गाव या पल्ल्याच्या काठावर. माळवदावर वीस फुटी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, तोंड अंबाजोगाईकडे. वारं सुटलं की तोंड फिरायचं. मग एकाने वर चढायचं, एकाने अंगणात उभं राहायचं आणि एकाने टीव्हीपुढे. “आलं का?” “नाही, मुंग्याच हाईत.” “आता?” “आलं, आलं... गेलं!” वरच्याने हात काढला की चित्र जायचं, म्हणून रविवारी सकाळी रामायण चालू असताना चुलत्याने अर्धा तास तो पाइप धरून ठेवल्याचं मला आठवतं. त्याने तो भाग पाहिला नाही, ऐकला.

ऐकला, हे महत्त्वाचं. ॲनालॉग प्रक्षेपणात चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाहक लहरींवर यायचे. चित्राच्या लहरीपासून 5.5 मेगाहर्ट्झ वर आवाजाची लहर, आणि ती एफएम. एफएमला खरखर लवकर बाधत नाही. त्यामुळे पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं तरी आवाज बऱ्याचदा खणखणीत असायचा. मॅच असो, बातम्या असोत, माणसं मुंग्यांकडे बघत आवाजावर टीव्ही ‘बघायची’. आवाज गेला आणि नुसतं चित्र राहिलं, तर मात्र पाच मिनिटांत अंगण रिकामं.

या सगळ्या काळात चित्राच्या रेषा वाढल्या नाहीत, हे कुणाच्या फारसं लक्षात नाही. आपली पद्धत 625 रेषांची, त्यातल्या 576 पडद्यावर दिसणाऱ्या. कृष्णधवलच्या दिवसांत तेवढ्याच, रंग आल्यावर तेवढ्याच, केबल आल्यावरही तेवढ्याच. तरी दर वेळी लोकांना चित्र ‘सुधारलं’ असं वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. मुंग्या कमी झाल्या होत्या, चित्र लोळायचं थांबलं होतं.

विजेचीही बाजू होती. दाब कमी झाला की जुन्या संचांचं चित्र चारी बाजूंनी आखडायचं, मधेच पोस्टकार्डाएवढं व्हायचं. स्टॅबिलायझर ही टीव्हीइतकीच आवश्यक वस्तू होती. त्यामुळे नवे रंगीत संच आले तेव्हा शंभरेक व्होल्टवरही चालतो की नाही, हा आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचे संच तर औरंगाबादजवळच्या चितेगावलाच तयार व्हायचे. ‘आपल्याकडचा टीव्ही’ म्हणून त्याचा एक वेगळा अभिमान होता. नव्वदच्या दशकातला त्यांचा ‘बाझूका’ मुख्यतः आवाजाच्या जोरावर विकला गेला, हे शेवटी येणाऱ्या आवाजाच्या मुद्द्यासाठी ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मग तबकड्या आल्या. त्याआधी व्हिडिओ कॅसेटचा काळ होता. व्हीसीआर आणि टीव्ही रात्रभरासाठी भाड्याने आणायचा, तीन सिनेमे बघायचे आणि पहाटे लाल डोळ्यांनी परत करायचा. त्या पट्ट्या इतक्यांदा फिरलेल्या असायच्या की खालच्या कडेला कायम एक फाटकी रेघ नाचत असे. त्यापुढे व्हीसीडी म्हणजे स्वर्ग वाटला. खरं तर व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचं, म्हणजे टीव्हीच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी. एका तबकडीवर 74 मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन तबकड्या. तबकडी अडकली की बनियनने पुसायची आणि पुन्हा टाकायची. पण पट्टी गुंडाळत बसायला लागत नव्हतं आणि रेघ नाचत नव्हती. लोकांनी व्हीसीडी घेतली ती सोयीसाठी.

डीव्हीडीचं चित्र मात्र खरोखर चांगलं होतं, 720 गुणिले 576. आणि आपल्याकडे त्याचं काय झालं? मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली, तेव्हा सहा रुपयांत चित्र चौपट झालं होतं. पण बसस्टँडबाहेरच्या हातगाडीवर खपत होती ती ‘फाइव्ह इन वन’. एका डीव्हीडीत पाच सिनेमे दाबून बसवलेले, चित्र पुन्हा व्हीसीडीच्या पातळीवर. तंत्रज्ञानाने जागा दिली होती चांगल्या चित्रासाठी, लोकांनी ती जास्त सिनेमांसाठी वापरली. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात ‘कार्ड भरून’ मिळायला लागलं. 176 गुणिले 144 ठिपक्यांत आख्खा सिनेमा, आगपेटीएवढ्या पडद्यावर, रानात बाजेवर पडून. कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही.

यावरून लोकांना दर्जाचं काही नसतं, असा निष्कर्ष काढणारे शहरी मित्र मला भेटलेत. मला तो पटत नाही. याच माणसांनी पोरीच्या लग्नाचं शूटिंग मात्र त्या-त्या वेळच्या सगळ्यात भारी कॅमेऱ्याने करून घेतलं. आता तर ड्रोन आणि मांडवात एलईडी भिंत असल्याशिवाय ऑर्डरच होत नाही. जिथे चेहरा आपला असतो तिथे ठिपका न् ठिपका मोजून घेतला जातो.

डिजिटलची खरी उलथापालथ केबलच्या सक्तीने झाली. केबलचा कायदा 1995 चा, त्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि चार टप्प्यांत सेट टॉप बॉक्स आले. महानगरं 2012 च्या अखेरीस. दुसऱ्या टप्प्यात, 31 मार्च 2013 ही मुदत असलेल्या शहरांत, तेव्हाचं औरंगाबाद. बाकीची शहरं पुढे आणि खेडी शेवटी, मार्च 2017 पर्यंत. खेड्यांनी मात्र तेवढी वाट पाहिली नव्हती. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क डिश सेवा आली होती आणि पत्र्यापत्र्यावर छत्र्या उगवल्या होत्या. एकदा छत्री लावली की महिन्याचा खर्च नाही. त्यावरच्या बहुतेक वाहिन्या आजही एसडी, म्हणजे जुन्या 576 रेषांच्याच आहेत आणि आमच्याकडच्या कित्येक घरांचा टीव्ही अजून त्यावरच चालतो.

डिजिटलने मुंग्या संपवल्या. त्या जागी चौकोन आले. ॲनालॉग चित्र म्हाताऱ्या माणसासारखं हळूहळू खंगायचं, डिजिटल एका दमात कोसळतं. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र स्वच्छ. थोडा खाली गेला की पडद्याचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग निळ्या पट्टीवर ‘नो सिग्नल’. छत्रीला येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात, म्हणून वळीव कोसळत असताना, नेमका घरात बसून टीव्ही बघायची वेळ असते तेव्हा, तो जातो. मुंग्यांतून ऐकण्याची सोयही आता राहिली नाही.

सिग्नल चांगला असतानाही एसडी वाहिनी मळकी दिसते, त्याचं कारण मात्र ठिपक्यांत नाही. डिजिटल चित्र दाबून पाठवतात. एका ट्रान्सपाँडरमध्ये, म्हणजे उपग्रहावरून वाहिन्या खाली पाठवणाऱ्या एका यंत्रात, जितक्या जास्त वाहिन्या कोंबाल तितका प्रत्येकीचा वाटा कमी. निवेदक नुसता बसून बोलत असेल तर भागतं. क्रिकेट असेल तर मैदानाच्या हिरवळीचा शेवाळ होतो आणि सीमारेषेकडे जाणारा चेंडू मधेच नाहीसा होतो. हातगाडीवरच्या ‘फाइव्ह इन वन’चाच हा आकाशातला अवतार. एचडी वाहिनी बघितल्यावर लोक म्हणतात “केवढं क्लिअर आहे”, त्यातलं बरंचसं श्रेय रेषांना नाही, मोकळ्या जागेला जातं.

आता दहा फुटांचा हिशेब. चांगली नजर साधारण एका अंशाचा साठावा भाग सुटा ओळखते. दहा फुटांवर तो होतो सुमारे 0.9 मिलिमीटर. 43 इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे नजरेच्या कुवतीहून आधीच बारीक. फोर-केचा त्याच्याही निम्मा. तो फरक डोळ्याला लागायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागेल. गंमत म्हणजे 576 रेषांचं जुनं चित्र या पडद्यावर 0.93 मिलिमीटरवर येतं, नजरेच्या अगदी काठावर. नीट पाठवलेलं एसडी दहा फुटांवरून फार वाईट दिसायचं कारण नाही. तीक्ष्ण नजरेच्या पोराला थोडं जास्त दिसेल, आणि महागड्या संचांचा उजेड व रंग कितीही लांबून कळतात, हेही खरं. पण दुकानातल्या मोराची पिसं दिवाणावर येत नाहीत.

2020 च्या मार्चमध्ये याची नकळत परीक्षा झाली. टाळेबंदीत इंटरनेटवर ताण येऊ नये म्हणून 24 मार्चला मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचं चित्र 480 रेषांपर्यंत उतरवायचं ठरवलं. चार दिवसांनी, 28 मार्चला, दूरदर्शनवर रामायण पुन्हा सुरू झालं, 1987 च्या चित्रफितींसह. एलईडी टीव्हीवर ते पसरट दिसायचं, कारण जुनं चित्र चौकोनी आणि नवा पडदा लांबट. रिमोटवरून ते सरळ करता येतं, पण आमच्या घरात कुणी केलं नाही. पूर्ण पडदा भरलेला हवा, मग राजा दशरथ थोडा बुटका दिसला तरी चालेल. डेटाचंही तसंच. फोर-केला सेकंदाला 15 मेगाबिट धरले तर दिवसाचा दीड जीबी तेरा-चौदा मिनिटांत संपतो. बिना अडथळ्याचं चित्र की बारीक चित्र, अशी निवड पोरं रोज करतात, आणि मधोमध ते गोल फिरणारं चक्र नको म्हणून दर्जा स्वतःच्या हाताने खाली आणतात.

आवाजाचं दुखणं वेगळंच आहे. त्याला जागा फारशी लागतच नाही. व्हीसीडीतसुद्धा चित्राला सेकंदाला 1,150 किलोबिट होते तर आवाजाला 224. घात संचात झाला. जुन्या डब्याला पोट होतं आणि स्पीकर बहुधा समोर होता. आताच्या टीव्हीची जाडी चार बोटं, स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून. आवाज भिंतीवर आपटून फिरून येतो. त्यात नव्या सिनेमांची आवाजाची रचना सिनेमागृहाच्या हिशेबाने होते. संवादाला मधला वेगळा स्पीकर धरलेला असतो. घरी तो सगळा ऐवज दोन बारक्या स्पीकरांत ओतला जातो. गाणं दणकतं, कुजबुज बुडते.

आणि खोली कुणाची? मराठवाड्याची. एप्रिल-मेमध्ये पारा 42 वर, खिडकीत कूलर घोंगावतोय, वर पंखा पाचवर. पावसाळ्यात पत्रा वाजतो. अशा खोलीत संवाद ऐकू येण्यासाठी आवाज वाढवावा तर मधल्या संगीताने शेजारी उठतो. वयाबरोबर कानाचे वरचे स्वर आधी जातात, आणि स, श, त, फ ही अक्षरं नेमकी तिथेच राहतात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘साप’ म्हणाला की ‘ताप’ हे कळत नाही. तो म्हणतो, “काय बोलाय लागलेत कुणास ठाऊक.” टीव्ही विकणारा ठिपके मोजून देतो, म्हाताऱ्याचं हे वाक्य मात्र त्याच्या कानावर जात नाही.

मेहुण्याने शेवटी फोर-केच घेतला. सणाच्या सवलतीत फरक थोडा होता आणि 43 इंचीत फुल एचडीचा तो एकच नग उरला होता. दिवाण आहे तिथेच आहे, दहा फूट दोन इंचांवर. सासूबाई मात्र त्यावर बसत नाहीत. खुर्ची टीव्हीपासून चार फुटांवर ओढून घेतात, नीट ऐकू यावं म्हणून. त्या घरात साडेपाच फुटांच्या आत बसणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.