केळीच्या खांबात कोण राहतं?

वैशाखातल्या वादळानं चोपड्याकडच्या आमच्या बागेत दरवर्षी दोन-चार केळी आडव्या व्हायच्या. न निसवलेली, म्हणजे अजून घड न आलेली, एखादी पाहून मी सोपटं सोलायला बसायचो. एकाखाली दुसरं, त्याखाली तिसरं, शेवटी कोवळ्या पानाची सुरळी. आप्पा विचारायचे, "काय सापडनं रे भाऊ?"

सापडणार काय? तो खांब म्हणजे आभासी खोड, पानांचे तळ एकात एक बसून उभं राहिलेलं. पाली सुत्तांत बुद्धांनी संस्कारांसाठी, म्हणजे मनात घडत जाणाऱ्या इच्छा-प्रवृत्तींसाठी, हाच दाखला दिलाय. लाकडाच्या शोधात निघालेला माणूस कुऱ्हाडीनं केळ तोडतो, सोपटं उलगडतो. गाभा दूरच, त्याला कच्चं लाकूडही मिळत नाही.

मेंदूतल्या 'मी'चंही असंच काहीसं आहे. फेफरं आवरण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा मज्जातंतूंचा पूल कापला गेला. त्यांच्यावर रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा यांनी प्रयोग केले. स्पेरींना 1981 चं नोबेल मिळालं. गझानिगांनी एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फ. डावा अर्धगोल उजवा हात चालवतो, उजवा अर्धगोल डावा. समोरच्या चित्रांतून उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्यानं फावडं. फावडं का? बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलानं बर्फ पाहिलाच नव्हता. तरी उत्तर तयार: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला! थाप नव्हती ती. त्याला ते खरंच वाटत होतं. गझानिगांनी या यंत्रणेला 'अर्थ लावणारा' म्हटलं. आपण दिवसभर ज्याला 'मी ठरवलं' म्हणतो, त्यातलं किती या कारकुनानं मागाहून लिहिलेलं असेल, या विचारानं मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

यावरून 'विज्ञानानं अद्वैत सिद्ध केलं' असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश फिरतात. तसं काही झालेलं नाही. कर्ता म्हणून मिरवणारा अहंकार रचलेला आहे, इथपर्यंत शंकराचार्यांची हरकत नसती. पण ते पुढे जातात: हे सगळं ज्याला दिसतं, तो साक्षी खरा, आणि तो तुझ्या-माझ्यात वेगळा नाही. बुद्ध असा साक्षी मांडत नाहीत.

आप्पांनी एकदा कुदळीनं बुंधा उकरून दाखवला होता. केळीचं खरं खोड जमिनीखाली, कंद. आजूबाजूची पिलंही त्याचीच. आत्म्यासाठी हा दाखला मला बरीच वर्षं पुरला. पण कंद खणता येतो, हातात धरता येतो. साक्षी हातात आला, तर तो धरलेली वस्तू झाला. धरणारा पुन्हा मागेच.