मिक्स्ड मार्शल आर्ट्स लढतींचे निकाल

ठोसे, लाथा आणि कुस्तीसारखे पेच एकत्र चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजेच एमएमए या खेळात विजेत्याचे नाव सांगून निकाल पुरा होत नाही. विजय कोणत्या प्रकारे, कितव्या फेरीत आणि कितव्या मिनिटाला मिळाला, हेही नोंदवले जाते. व्यावसायिक लढत सहसा 5 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची असते, किताबासाठीची 5 फेऱ्यांची.

अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती कोकणात रविवारी सकाळी दिसतात. कुस्ती पाहिलेल्या माणसाची पहिली गडबड होते ती पाठ टेकण्यावरून. कुस्तीत पाठ लागली की चितपट. इथे खाली पडलेला खेळाडूच वरच्याची मान पायांत अडकवून जिंकू शकतो. गळा आवळला किंवा सांधा पिळला गेला की सापडलेला खेळाडू हाताने थापटून हार मानतो; हे सबमिशन. फटक्याने शुद्ध हरपली तर नॉकआउट. खेळाडू बचाव करीनासा झाला म्हणून पंचाने, किंवा जखम पाहून डॉक्टरने लढत थांबवली तर तांत्रिक नॉकआउट.

या खणांत प्रत्येक शेवट नीट बसतोच असे नाही. 11 मार्च 2012 रोजी मुंबईत सुपर फाइट लीगच्या पहिल्याच कार्यक्रमात बॉब सॅपने पायाच्या दुखापतीमुळे पहिल्याच फेरीत जेम्स थॉम्पसनपुढे हार मानली. फटका नाही, पेचही नाही!

वेळ संपली तर तीन परीक्षकांचे गुण मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला बहुधा 9. तिघेही एका बाजूला असले तर निर्णय एकमताचा, एकाने विरुद्ध कौल दिला तर विभागलेला. वाद सर्वाधिक इथेच. जून 2024 मध्ये पूजा तोमर यूएफसी या अमेरिकन एमएमए संस्थेच्या लढतींत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली ती अशाच विभागलेल्या निर्णयाने: दोघा परीक्षकांनी तिन्ही फेऱ्या तिला दिल्या, तिसऱ्याने तिन्ही प्रतिस्पर्धी रेयान दोस सांतोसला.

बरोबरी क्वचितच होते. नियमबाह्य फटक्यासाठी खेळाडू अपात्र ठरू शकतो. जॉन जोन्स 2009 मध्ये मॅट हॅमिलविरुद्ध सरळ वरून खाली मारलेल्या कोपरामुळे असाच हरला. अशा कोपरावरची बंदी 2024 मध्ये उठली. अनवधानाने घडलेल्या आगळिकीमुळे लढत लवकर थांबली तर ती निकालाविना रद्द होते, अर्ध्याहून अधिक झाली असेल तर गुण पाहतात. उत्तेजक चाचणीनंतरही निकाल पुसला जातो: 2017 मध्ये जोन्सने डॅनियल कॉर्मियरवर मिळवलेला नॉकआउट विजय असाच रद्द झाला.